हरवलेला जीन आणि ‘हजी भणे छे?’

गणपतीत बडोद्याला घरी आले होते. आरती झाली, मी प्रसादाचं ताट घेऊन फिरत होते आणि समोरच्या मासीनं मोदक उचलता उचलता नेहमीचा प्रश्न टाकलाच, "हजी भणे छे?" म्हणजे अजून शिकतेच आहेस का गं. मासी हे 2013 पासून विचारतेय, आणि खरं सांगायचं तर दरवेळी मला नीट उत्तर देता आलेलं नाही, कारण पीएचडी संपली, पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधन) संपला, आता नोकरीपण आहे पण तीसुद्धा पाच वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टची, आणि रोज सकाळी लॅपटॉप उघडून मी जे करते ते बाहेरून बघणाऱ्याला शिकण्यासारखंच दिसतं.

त्याच संध्याकाळी माझ्या मामेबहिणीची मुलगी मला गच्चीवर घेऊन गेली, ती एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला कम्प्युटेशनल बायोलॉजीत, म्हणजे कम्प्युटरवर करायच्या जीवशास्त्रात, त्यातही उत्क्रांतीवर, पीएचडी करायचीय. म्हणाली मावशी खरं खरं सांग, गोड गोड नको. तिला जे सांगितलं ते आणि जे तेव्हा सुचलं नाही तेही इथे लिहून काढतेय.

सुरुवात कुठून झाली विचारशील तर कमाटी बागेतून. आम्ही दांडिया बाजारात राहणारे, रविवारी बाबा बागेत न्यायचे आणि पाऊस आला की म्युझियममध्ये शिरायचं. तिथे निळ्या व्हेलचा सांगाडा आहे, बडोद्यातल्या प्रत्येक पोरानं तो बघितलेला असतो (आणि ममीला घाबरलेलं असतं). मी सात-आठ वर्षांची असेन, मला त्याच्या परामध्ये बोटांसारखी हाडं दिसली आणि मी म्हटलं बाबा माशाला हात आहे. बाबा फार्मा कंपनीत अकाउंट्सला होते, सायन्सशी संबंध नाही, पण ते म्हणाले, "मासा नाहीये तो. आणि हो, हातच आहे तो." बस. एवढंच.

पुढे इथेच सायन्स फॅकल्टीत बीएस्सी, एमएस्सी, 2012 ला नेट ही राष्ट्रीय परीक्षा दिली, जेआरएफ म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली, आणि मग वेगवेगळ्या संस्थांचे पीएचडीचे इंटरव्ह्यू. एका ठिकाणी पॅनेलमधल्या एका सरांनी फळ्यावर चार नावं लिहिली, गाय, डुक्कर, पाणघोडा, व्हेल, आणि म्हणाले झाड काढ. कोण कोणाच्या जवळचा ते. मी तिघांना एकत्र ठेवलं आणि व्हेल ऐटीत बाजूला काढला. सर काही बोलले नाहीत, नुसतं विचारलं की असं का वाटलं. मी म्हटलं दिसायला किती वेगळा आहे. मग त्यांनी खडू घेतला आणि व्हेलला उचलून थेट पाणघोड्याच्या शेजारी बसवलं, म्हणजे आज जिवंत असलेल्यांत व्हेलचा सगळ्यात जवळचा नातेवाईक पाणघोडा, आणि जिला मी तिघांची टोळी समजत होते त्यात खरा लांबचा डुक्कर. मला इतकी लाज वाटली की मी एकदम म्युझियममधल्या हाताची गोष्ट सांगून टाकली, का सांगितली देव जाणे. तिथेच निवड झाली. नंतर सर म्हणाले, चुकीच्या उत्तरावर तू रडवेली न होता उत्सुक झालीस म्हणून घेतलं. (रडवेली झाले होते. दिसलं नसेल.)

पहिलं वर्ष म्हणजे फजिती. मी तोपर्यंत काळी स्क्रीन बघितलीच नव्हती, माउसशिवाय कम्प्युटर चालतो हे पण तिथे कळलं. दुसऱ्या की तिसऱ्या महिन्यात कमांडमध्ये एक स्पेस चुकीच्या जागी पडली आणि एका सीनियरचं अकरा दिवस चाललेलं ॲनालिसिस मी उडवलं, परत न मिळण्यासारखं. तो ओरडला नाही, उठून चहा प्यायला निघून गेला, ते जास्त लागलं. पायथॉन शिकायला माझे सहा महिने गेले आणि स्टॅटिस्टिक्सला तर अजून जाताहेत. भाचीला मी हेच सांगितलं की कोडिंग कोणीही शिकतं गं, त्याची भीती बाळगू नको, पण स्टॅटिस्टिक्स आत्ता एमएस्सीत असतानाच धर, नंतर ते फार महागात पडतं.

पैशाचं पण सांगते कारण ते कोणी सांगत नाही. मी लागले तेव्हा जेआरएफ महिन्याला 16,000 होती. ऑक्टोबर 2014 पासून 25,000 झाली, 2019 ला 31,000 आणि 2023 पासून 37,000. म्हणजे आता बरं आहे. पण आकडा कागदावर असतो आणि खात्यात यायला त्याला स्वतःची अशी एक तऱ्हा असते, माझे एकदा सलग सात महिने पैसे आले नाहीत, आणि अठ्ठावीस वर्षांची मुलगी बाबांना फोन करून खोलीचं भाडं मागतेय हे दृश्य डोळ्यासमोर आण. बाबा काहीच बोलायचे नाहीत, फोन ठेवला की दहा मिनिटांत पैसे. हे ज्याच्या घरी जमत नाही तो मधेच सोडून जातो, माझ्याच बॅचचे दोघं गेले, दोघंही माझ्यापेक्षा हुशार.

असो. काम काय होतं ते सांगते.

मी उत्क्रांतीत हरवलेल्या जीन्सवर काम करते. जीन म्हणजे डीएनएच्या चार अक्षरांत (ए, टी, जी, सी) लिहिलेली एक सूचना. लोकांना वाटतं उत्क्रांती म्हणजे नवीन काहीतरी मिळणं, पंख आले, मेंदू मोठा झाला वगैरे, पण गमावणं पण तितकंच चालू असतं. जीन वापरात नसला की त्यात चुका साचत जातात आणि त्या दुरुस्त व्हायचं काही कारण नसतं, कारण चूक असलेला प्राणी पण तितकाच मजेत जगतो. आपलंच बघ ना, क जीवनसत्त्व बनवायचा जो जीन उंदराकडे धडधाकट आहे तो आपल्याकडे मोडून पडलेला आहे, म्हणून आपल्याला आवळा-लिंबू लागतं.

आजीला मी हे मांजरावरून समजावलं होतं. आमच्याकडे एक भुरी मांजर यायची आणि दसऱ्याला श्रीखंडाच्या पातेल्यात तोंड घालायची, आजी म्हणायची गोडखाऊ आहे मेली. मी म्हटलं आजी, मांजराला गोड लागतच नाही. गोड चव ओळखायला जे लागतं त्याचा एक जीन मांजरांत मोडलाय, त्यातून 247 अक्षरं गळून गेलीत, 2005 साली लोकांनी शोधून काढलंय, वाघा-चित्त्यांत पण तसंच आहे. ही चाटतेय ती साखर नव्हे, चक्क्यातला स्निग्धपणा. आजीनं पातेल्याकडे बघितलं, मांजराकडे बघितलं आणि म्हणाली, "मग हिला नुसता चक्का दिला असता की, साखर कशाला वाया घालवली." माझ्या विषयावरची इतकी मुद्देसूद कमेंट मला नंतर पेपर तपासणाऱ्या कुठल्याच रिव्ह्यूअरनं दिलेली नाही.

तर पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मला एक जीन सापडला, म्हणजे सापडला नाही. रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित, माणसात आहे, कासवात आहे, मगरीत आहे, आणि पक्ष्यांत कुठेच नाही. कोंबडी नाही, बदक नाही, चिमणीच्या गोतावळ्यातले कोणी नाहीत. आजूबाजूचे शेजारी जीन्स बघायचे असतात, म्हणजे एका चाळीत क्रमानं खोल्या असतात तसे जीन्स असतात आणि बऱ्याचदा कोट्यवधी वर्षं तोच शेजार टिकतो, तर पक्ष्यांत त्या चाळीचा तो कोपराच गायब. सर खूश, मी खूश, पेपरचं शीर्षकसुद्धा ठरलं. मी घरी फोन करून सांगितलं. आई म्हणाली, "नाही सापडला तर आनंद कसला?"

मगरी आणि पक्षी हे सख्खे, हे इथे सांगायला पाहिजे. आज जिवंत असलेल्या प्राण्यांत मगरीला सगळ्यात जवळचं कोण तर पाल नाही, कासव नाही, पक्षी. त्यांची वाट साधारण 24 कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. मगरींचे जीनोम (म्हणजे सगळ्या डीएनएचा वाचून काढलेला क्रम) 2014 मध्ये आले आणि त्यांच्यात बदल अतिशय संथ झालेत असं दिसलं, म्हणून तुलनेला मगर फार सोयीची, जुनं सामान जपून ठेवलेल्या आत्यासारखी. बडोद्याच्या माणसाला मगर काही नवीन नाही, विश्वामित्री नदीत शहराच्या मधोमध आहेत, पुलावरून जाताना मान वळवून बघायची आम्हाला सवयच.

अडीच वर्षं त्या एका ‘नाही’वर गेली. जीन कुठल्या काळात मोडला असेल, इतर कोणते जीन्स त्याच्याबरोबर गेले, झाडं काढ, झाडं तपास. (झाडांचं पण एक वेड लावणारं गणित आहे, फक्त 10 प्रजाती घेतल्या तरी त्यांच्या नात्याची 3,44,59,425 वेगवेगळी झाडं निघू शकतात. बाबांना हा आकडा इतका आवडला की त्यांनी तो डायरीत लिहून ठेवला होता.)

आणि मग एका रात्री, नोव्हेंबर होता, लॅबमध्ये मी आणि सर्व्हरच्या पंख्याचा आवाज, मी सहज म्हणून एक शेवटचा चेक लावला. तयार जीनोममध्ये न शोधता कोंबडीच्या पेशींतल्या आरएनएचा (म्हणजे वापरात असलेल्या जीन्सच्या पेशीनं काढलेल्या नकलांचा) कच्चा डेटा, कोट्यवधी तुकडे, त्यात शोधायचं. हे आधीच का नाही केलं? आळस. आणि भीती पण असेल. सकाळी बघते तर सात तुकडे जुळलेले. कोट्यवधींतले सात. पहिल्यांदा वाटलं दुसऱ्या प्राण्याचा डेटा मिसळला असेल, तसं होतं, 2015 साली टार्डिग्रेड नावाच्या सूक्ष्म जीवात सहावा हिस्सा जीन्स परक्यांकडून आलेत असं छापून आलं होतं आणि थोड्याच दिवसांत दुसऱ्या गटानं दाखवलं की ती बहुतेक मिसळलेली घाण होती. म्हणून मी सातही तुकडे एकेक करून तपासले. माणसाचे नव्हते. मगरीचे नव्हते. पक्ष्याचेच होते, स्वच्छ, एकही चूक नसलेले, आणि त्यांच्यात जी आणि सी ही अक्षरं पाऊणपेक्षा जास्त.

म्हणजे जीन होता. पहिल्यापासून होता. त्याचं असं आहे, नवरात्रात मोठ्या ग्राउंडवरच्या गरब्याचे हजार फोटो काढले आणि त्यावरून कोण आलं नव्हतं ते ठरवायचं म्हटलं, तर जो बिचारा रोज लाइट न पोचणाऱ्या कोपऱ्यातच नाचत होता तो ‘आलाच नाही’ ठरतो. त्या काळच्या डीएनए वाचायच्या मशिनरीत आधी तुकड्यांच्या प्रती काढाव्या लागायच्या, आणि जी-सीनं खचाखच भरलेल्या तुकड्यांच्या प्रती नीट निघतच नाहीत. कोंबडीकडे क्रोमोसोमच्या 39 जोड्या, त्यातल्या कित्येक चिमुकल्या, आणि जी-सी तिथेच ठासून भरलेलं. तो अंधारा कोपरा.

असं फसलेली मी एकटी नव्हते हा थोडा दिलासा. कोंबडीच्या लेप्टिनची (भूक आटोक्यात ठेवणारं एक हार्मोन) गोष्ट आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असते. 1990च्या दशकाच्या शेवटी सापडलं म्हणून पेपर आले, पण तो क्रम उंदराच्या लेप्टिनशी इतका जुळत होता की लोकांना संशय आला, मग 2004 ला कोंबडीचा जीनोम आला आणि त्यात लेप्टिन नाहीच, मग ‘पक्ष्यांत लेप्टिन नसतंच’ असं म्हणणारे निघाले, आणि खरं लेप्टिन कोंबडीत शेवटी 2016 च्या सुमाराला हाती लागलं, जी-सीच्या जंगलात. 2014 मध्ये तर पक्ष्यांतून 274 जीन्स गायब असल्याचा पेपर आला होता आणि 2017 मध्ये दाखवलं गेलं की त्यातले पुष्कळ नुसते लपलेले होते.

ते 2017 चे पेपर मी बसमध्ये वाचले, मोबाईलवर. कारण तोपर्यंत सरांनी आणि मी ठरवलं होतं की ठीक आहे, जीन हरवला नाही, तर हरवल्यासारखं का दिसतं यावरच लिहू. आणि तेच दुसऱ्यांनी लिहिलं होतं, आमच्यापेक्षा मोठ्या डेटावर, आमच्यापेक्षा छान. मी स्टॉप चुकले, दोन किलोमीटर चालत परत आले.

सरांना सात तुकड्यांचं सांगितलं तो दिवस मात्र मला अजून आठवतो. वाटलं होतं चिडतील. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले, मग विचारलं, "हे तू शोधलंस की कुणी सांगितलं?" मी म्हटलं मीच. "मग बरं झालं." एवढं बोलून त्यांनी ड्राफ्टची फाईल समोरच उचलून ‘जुनं’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकली. त्या फोल्डरमध्ये त्यांचे स्वतःचे असले चौदा ड्राफ्ट होते, तेव्हा पहिल्यांदा बघितले.

माझा पेपर शेवटी आला, लहान, तीन जर्नल फिरून. एका रिव्ह्यूअरनं लिहिलं की हे प्रयोगशाळेत करून दाखवा, आमच्याकडे ना पक्षी ना प्रयोगशाळा. दुसऱ्यानं एक्सेल टेबलमधल्या एका जीनच्या जागी तारीख छापली गेलीय हे दाखवलं, बरोबरच होतं, ‘सेप्ट-2’ नावाच्या जीनला एक्सेल 2 सप्टेंबर समजतं. हा रोग इतका पसरलेला होता की 2020 मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनं शेवटी त्या जीन्सचीच नावं बदलली. एक्सेलपुढे मानवी जीनोमनं हात टेकले.

पोस्टडॉकला जर्मनीत गेले 2019 मध्ये, त्यावर फार लिहिण्यासारखं नाही, काम चांगलं झालं, लांब तुकडे एका दमात वाचणारी नवीन मशिन्स होती त्यामुळे अंधारे कोपरे दिसायला लागले, आणि 2020 मध्ये सगळं बंद झालं तेव्हा सगळे म्हणायचे तुमचं बरंय, तुम्हाला लॅपटॉप पुरतो. पुरतो खरा. आजी त्याच वर्षी गेली, मी व्हिडिओवर होते.

2023 च्या शेवटी परत आले आणि नोकरी नाही. हा भाग भाचीला सांगताना मी जरा अडखळले. सत्तावीस अर्ज केले. बायोलॉजीच्या इंटरव्ह्यूत विचारायचे, तुम्ही तर कम्प्युटरवाल्या, आमच्या मुलांची प्रॅक्टिकल्स कशी घेणार. कम्प्युटरच्या विभागात विचारायचे, तुम्ही तर बायोलॉजीवाल्या, ऑपरेटिंग सिस्टिम शिकवाल का. एका ठिकाणी तर पॅनेलमधले दोघं माझ्यासमोरच यावर वाद घालत बसले आणि मी पाणी पीत बघत होते. दहा महिने आईच्या घरी, लहानपणीच्या टेबलावर, जुन्या लॅबचं अर्धवट काम करत बसायचे, आणि खाली उतरलं की मासी. हजी भणे छे?

ऑगस्ट 2024 च्या शेवटी जन्माष्टमीला तो पाऊस आला. विश्वामित्री शहरात शिरली, मगरी सोसायट्यांत आल्या, सगळ्या देशानं व्हिडिओ बघितले. आमच्याकडे लाइट नव्हते आणि दोन दिवसांनी माझा ऑनलाइन इंटरव्ह्यू. शेजारच्या दादाच्या इन्व्हर्टरवर फोन चार्ज केला, त्याच फोनवर, खिडकीच्या कट्ट्यावर बसून इंटरव्ह्यू दिला, व्हिडिओ बंद ठेवून, कारण नेट धड नव्हतं. एका मॅडमनी विचारलं तुमची सगळ्यात मोठी चूक सांगा. मी सात तुकडे सांगितले. स्लाइड नाही, चित्र नाही, नुसतं तोंडी, मधेच आवाज जात होता. मॅडम म्हणाल्या, पुन्हा एकदा सांगा, मधलं ऐकू नाही आलं. दुसऱ्यांदा सांगितलं. खाली गल्लीत पोरं ओरडत होती मगर आली मगर आली (नव्हती आली, लाकडाचा ओंडका होता), ते पण त्यांना ऐकू गेलं असणार.

ती नोकरी मिळाली. दुसऱ्या शहरात आहे, रात्रीच्या गाडीनं बडोदा गाठता येतं. पाच वर्षं, त्यानंतर पुन्हा अर्ज. माझ्याकडे आता एक पीएचडीचा विद्यार्थी आहे, इंजिनीयरिंगचा मुलगा, कोड माझ्यापेक्षा दहापट भारी लिहितो आणि त्याला कोंबडीच्या जवळचं कोण, बदक की कबुतर, हे विचारलं की गूगल करतो. त्याच्याकडे पक्ष्यांत हरवलेल्या जीन्सची यादी होती, 41 नावांची, आणि मी त्याला सांगितलं की एकेकाला कच्च्या डेटात शोध, सापडला तर खोड. त्याला ते अजिबात आवडलेलं नाही. वर्ष झालं, तीस खोडून झाले. तो मला म्हणाला मॅडम, आपण आपलाच पेपर छोटा करतोय.

भाचीला हे सांगत होते तेव्हाच त्याचा फोन आला, गणपतीच्या सुट्टीत पण तो लॅबमध्येच बसलेला. आवाज पडलेला. म्हटलं काय झालं. म्हणाला, "अजून एक सापडला, मॅडम. नऊ तुकडे."

"माणसाचे नाहीत ना, बघितलंस?"

"बघितलं. पक्ष्याचेच आहेत."

म्हटलं खोड मग. आता दहा राहिले. भाची विचारत होती की नेटचा फॉर्म कधी निघतो.